चुडावालीसाठी केसाचा गळ

सोमवारी सकाळी अंगणाचं सारवण अर्धं झालं होतं. तुळशीपासून उंबऱ्यापर्यंतची पट्टी ओली, उरलेलं अंगण कोरडं, आणि माझे दोन्ही हात मनगटापर्यंत शेणात. तेवढ्यात कुंपणाच्या तुराट्यांवरून शेजारच्या जगदेवकाकांनी मान वर काढली आणि विचारलं, "उज्ज्वला, घरात गुंतवळ हाये काय वं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाई केस विंचरते, फणीतले निघालेले केस गुंडाळून कुठं तरी खोपच्यात खोचून ठेवते, ते बाहेर पडू देत नाही. आमच्याकडं तर सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की गुंतवळ कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, त्यावर करणी होते. आणि इथं त्रेसष्ट वर्षांचा माणूस, ज्याला मी वीस वर्षं काका म्हणते, तो सकाळी सकाळी माझे केस मागतो आहे.

"कायले पाह्यजे तुमाले?" मी म्हटलं.

"गळ बांधाचा हाये."

मी हातातला शेणाचा गोळा खाली ठेवला. जगदेवकाका आणि गळ! या माणसानं अकरा वर्षांत नदीत गळ टाकला नव्हता, हे गावात कुणालाही विचारा.

"आसराच्या डोहात," ते पुढं म्हणाले, आवाज खाली आणून. "चुडावाली मरून राह्यली, पोरी. आठ-दहा दिवसाची सोबती हाये फक्त. तिच्या गयातली बांगडी काढली नाही तं संपली ती."

हे सगळं आज वहीत सविस्तर लिहून ठेवते आहे. रोज मी चार ओळी लिहिते, तिथी, उपास, कोण आलं, काय रांधलं. पण या आठवड्याचं तसं चार ओळींत मावणार नाही.

आमचं गाव शेलूबाजारहून जीपनं वीस मिनिटांवर. गावाच्या खालच्या अंगाला नदीला वळण आहे, तिथं खडकांत खोल डोह आहे. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, त्या सात आसरा. पाण्यातल्या देवी. बाळंतीण सुखरूप सुटली, पोरीचं लग्न जमलं, विहिरीला पाणी लागलं, की बाया तिथं ओटी भरतात. खण, नारळ, हळदकुंकू, बांगड्या. नारळ फोडून घरी आणायचा, बाकीचं पाण्यात सोडायचं. आणि डोहात मासे आहेत, मोठ्या खवल्यांचे, सोनेरी झाक असलेले, ओठाला चार मिशा. पुस्तकात त्यांना महाशीर म्हणतात असं माझी पुतणी निकिता सांगते. आम्ही आसराचे मासे म्हणतो. त्यांना कुणी धरत नाही. फुटाणे टाकायचे, पाणी उसळतं ते पाहायचं, हात जोडायचे.

त्यांतली एक मासोळी दोन वर्षांपूर्वी हिरवी बांगडी घालून दिसली. खरंच. डोक्याच्या मागं, कल्ल्यांना वेढून, गळसरी वाटावी अशी हिरवीगार बांगडी. सगळं गाव लोटलं पाहायला. काठावरच्या लहानशा देवळाची दिवाबत्ती पाहणारे पंजाबराव म्हणाले, ही देवीची सवाष्ण आहे, चुडा भरून आली. तेव्हापासून ती चुडावाली. मीही दर शुक्रवारी तिला पाहिल्याशिवाय डोहावरून परत येत नसे. दिसली की आठवडा चांगला जातो असं वाटायचं.

जगदेवकाकांचा मळा डोहाला लागून आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. पाणी द्यायला ते पहाटे मोटर सुरू करतात आणि मग तासभर खडकावर बसून पाणी न्याहाळतात. त्यामुळं आम्ही शुक्रवारी लांबून जे पाहिलं त्यापेक्षा त्यांनी रोज जवळून वेगळंच पाहिलं होतं. मासोळी वाढली. बांगडी वाढली नाही.

"आता बांगडी दिसतच नाही धड," ते मला कुंपणापलीकडून सांगत होते. "मासात रुतली. बाजूनं लाल लाल झालं. बाकीचे फुटाण्यावर तुटून पडतात, हे येतच नाही. दुपारी उंबराच्या मुळीपाशी एकटी येते, दाना तोंडात घेते, चघळते, थुकते. गिळताच येत नाही तिले."

दोन वर्षं मी हात कशाला जोडत होते?

जगदेवकाकांविषयी थोडं सांगायला हवं. हा माणूस मुळात नदीचा. शाळा चौथीत सुटली, पण कुठल्या दगडाखाली कोणता मासा बसतो हे त्यांना पाठ. तरुणपणी त्यांच्या वेळूच्या काठीला लागलेला मरळ पाहायला कामरगावची माणसं यायची म्हणे. मळ्यात राबायचे आणि उरलेला सगळा जीव पाण्यात. सोजरकाकू म्हणते, "माह्यं लग्न नदीसंग झालं, हे तं निस्ते जेवाले येत."

मग अकरा वर्षांपूर्वी सोजरकाकूचं पिशवीचं ऑपरेशन झालं. रक्त फार गेलं. दोन दिवस ती शुद्धीवर येईना. काका वाशिमहून रात्रीच्या जीपनं गावात आले, अंधारात आसरांपुढं उभे राहिले आणि बोलले, माय, हे उठून बसली तं या नदीत मी गळ टाकणार नाही. तिसऱ्या दिवशी काकूनं चहा मागितला. त्या दिवसापासून काठी आढ्याला बांधली ती बांधलीच. मासे खाणंही सुटलं. कुणी चिडवलं, की "काय गा जगदेवा, हात खाजवत नाही काय?" तर ते हसून मेथीची जुडी बांधत बसायचे.

म्हणून सोमवारी त्यांनी गुंतवळ मागितलं, तेव्हा मला पहिली भीती वाटली ती करणीची नव्हती, नवसाची होती.

"काकूले माहीत हाये?" मी विचारलं.

"तिलेच इचारून आलो."

"मंग?"

"म्हणते, तुमी नवस बोलले तवा मी बेशुद्ध होती, मले काय इचारता? जिले बोलले तिले इचारा."

आतून काकूचा आवाज आलाच, "खरं हाये ते! आन् तिचीच मासोयी मरते हाये, ते नाही म्हणते कायले?"

मी हात धुतले, देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यातून गुंतवळ काढलं आणि "माये, हे तुझ्याच कामाला" असं मनात म्हणून काकांच्या ओंजळीत ठेवलं.

केस कशाला, हे मला दुपारी त्यांच्या ओसरीवर कळलं. जाळं टाकता येत नव्हतं. डोहात खडक आणि उंबराच्या मुळ्या, जाळं अडकलं तर दहा मासे जखमी व्हायचे, आणि त्या बांगडीला जाळ्याचा फास बसला तर ती आणखी आत जायची. साधा गळ म्हणजे दाण्यात लोखंड खुपसलेलं. चुडावाली तर दाणा नुसता ओठांत घेऊन परत टाकते, तिला लोखंड लगेच कळणार. आणि चुकून गिळलाच तर आतडी फाटणार.

"मंग मी हे पाह्यलं," काका म्हणाले आणि त्यांनी मोबाइल पुढं केला. कुठल्या तरी थंड देशातला लाल नाकाचा गोरा माणूस, टोपी घालून नदीकाठी बसलेला. त्याच्या हातात मिशीवाला मासा, आमच्याच माशांचा लांबचा भाऊ वाटावा असा. तो मासा धरतो, त्याच्याशी दोन शब्द बोलतो आणि सोडून देतो. काकांना त्याची भाषा ओ की ठो कळत नव्हती. त्यांनी आवाज बंद करून फक्त त्याचे हात पाहिले होते. मेथी राखताना, दहा-दहा वेळा, एकच व्हिडिओ.

युक्ती अशी, की दाणा गळात नसतोच. गळाच्या वाकणाखाली दोन बोटं केस लोंबतो आणि दाणा त्या केसाला. मासा दाणा ओठांत ओढतो. केस मऊ, त्याला काही लागत नाही. दाण्यामागून मोकळा गळ आपोआप आत येतो. दाणा थुंकायला गेला, की गळाचं टोक खालच्या ओठाच्या कडेला बसतं. फक्त कडेला. घशात काही जात नाही.

"थुकणाऱ्यालेच धरते हे," काका म्हणाले. त्यांचे डोळे असे चमकत होते की ते त्रेसष्टचे वाटेनात. "बाकी गळ खाणाऱ्याले धरतात."

मग सुरू झालं बांधणं. आधी त्यांनी कानस घेऊन गळाचा उलटा काटा घासून साफ केला, म्हणजे काढताना ओठ फाटायला नको. माझे पाच केस एकत्र वळून त्यांनी मांडीवर पीळ दिला, आम्ही वात वळतो तसा. तो पीळ गळाच्या दांडीला लावून वरून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळायचा. किती वेढे ते त्या गोऱ्याच्या अंगठ्याआड दिसत नव्हतं. पाच वेढ्यांनी केस सटकला. सहानंही सटकला.

"सात करा न," काकू चुलीजवळून म्हणाली. "आसरा किती हाये?"

सातनं बसला. काकांनी गळ ओढून पाहिला, दातानं तंगूस तोडला आणि आमच्याकडं असं पाहिलं जसं काही विमान बांधलं.

फुटाणा टोचला की फुटायचा, म्हणून मी हरभरे भिजवून मऊ उकडून दिले, मीठ न घालता. हार ओवायच्या सुईनं दाणा टोचायचा, केसाच्या टोकाची गाठ त्यातून ओढून घ्यायची आणि दाणा निसटू नये म्हणून गाठीत केरसुणीच्या फड्याची बारीक काडी अडकवायची. वजनाला मोटारीचा एक जुना नट. मंगळवारी सकाळी नऊ वाजता सगळं तयार होतं, आढ्यावरची काठी धुऊन पुसून खाली होती, आणि मला लग्नघरासारखं वाटत होतं.

मंगळवारी फजिती झाली.

मी आणि काकू पायऱ्यांच्या बाजूनं फुटाणे टाकत होतो, म्हणजे बाकीचे मासे आमच्याकडं राहतील. काका उंबराच्या मुळीपाशी गुडघाभर पाण्यात, पाठ वाकवून, बगळ्यासारखे. ऊन पडलं तशी चुडावाली आली. मला वरून स्पष्ट दिसली. सोनेरी अंग, आणि मानेभोवती लाल सुजलेला वळ. हळू हळू, एका कुशीवर कलत. दाण्यापाशी आली. थांबली. तोंड पुढं केलं आणि दाणा ओठांत घ्यायच्या आधीच झटका देऊन मागं फिरली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तर ती मुळीखालीच गेली, बाहेर येईना.

काकांनी गळ वर काढला, दाणा नाकाशी नेला आणि माझ्याकडं वळून पाहिलं.

"उज्ज्वला, डोक्याले कोणतं तेल लावतं तू?"

"बदामाचं. वासाचं."

"व माय!" सोजरकाकूनं कपाळावर हात मारला. "मासोयीले बदामाचा हलवा देऊन राह्यले हे!"

तेल! तिघंही दीडशहाणे, गळ घासला, दाणे अळणी उकडले आणि केस मात्र तेलात माखलेला. गुंतवळ म्हणजे आठवडाभराचं तेल त्यात असणारच, हे तिघांतल्या दोन बायांच्याही डोक्यात आलं नाही. मला रडू की हसू कळेना.

आणि नेमके तेव्हाच पंजाबराव पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. धोतराचा सोगा हातात, चेहरा लाल.

"जगदेवा! आसराच्या डोहात गळ? लाज वाटते का नाही गा?"

हे दोघं एका पाटीवर शिकलेले, चौथीपर्यंत. काका पाण्यातूनच म्हणाले, "पंजाब, मासोयी मरून राह्यली. खाली ये, दाखवतो."

"मले नको दाखवू. देवीनं तिले चुडा भरला आन् तू उतरवणार? सवाष्णीचा चुडा कोन उतरवते, सांग? तुले नवस आठवते का नाही?"

"आठवते. रोज आठवते."

"मंग बाहेर नीघ. देवीची खूण हाये ते."

"देवीची खूण असती तं काचेची असती," काका म्हणाले. "हे पिलास्टिक हाये, पंजाब."

पंजाबरावांनी सोगा सावरला. मग म्हणाले, "काहीही बोलतं. ओटीत पिलास्टिक कोन टाकते?"

मला तोंड उघडायचं नव्हतं. पण समोर सात दगड होते आणि खोटेपणानं गप्प राहणं जमेना.

"मी टाकते, भाऊ," मी म्हटलं. "शेलूबाजारच्या दुकानात ओटीची तयार पुडी भेटते. खण, सुपारी, हळदकुंकू, दोन बांगड्या. पाच वर्षं झाले, त्यात काचेच्या नसतात. काच फुटते म्हणून दुकानदार प्लास्टिकच्या टाकते. आमी सगळ्याच बाया तीच पुडी आणतो. माह्याच पुडीतली असन ते, कोनाले माहीत."

पंजाबरावांची स्वतःची सून, सुचिता, तीच पुडी आणते हे मला माहीत होतं, पण तेवढं मी बोलले नाही.

शेवटी त्यांनी अट घातली. काढून हातात दाखव. प्लास्टिकची निघाली तर मी काही बोलणार नाही. काचेची निघाली, किंवा मासोळी तुझ्या हातात मेली, तर गावासमोर आसरांपुढं नाक घासायचं आणि डोहाकाठी मोटर लावायची नाही. मोटर गेली म्हणजे मळा गेला, हे सगळ्यांना कळत होतं. काका म्हणाले, "चालते."

बुधवारी चुडावाली दिसलीच नाही. काका दिवसभर खडकावर बसून होते. जेवायलाही आले नाहीत, काकूनं भाकर तिथंच नेऊन दिली. मी देव्हाऱ्यापुढं बसले, पण जप करताना मणी कितवा ते लक्षात राहीना.

गुरुवारी सकाळी सोजरकाकू तुराट्यांतून ओरडली, "उज्ज्वला, शिकेकाई आन!"

"काकू, आज बिस्तवार हाये!"

आमच्याकडं गुरुवारी कुणी बाई डोक्यावरून नहात नाही. मी तर आजारपणातही हे मोडलं नव्हतं. काकू न्हाणीच्या दाराशी केस सोडून उभी होती, कमरेपर्यंत आलेले, एकूण एक पांढरे.

"माहीत हाये मले. दोष लागला तं मले लागन. तुह्ये काळे केस तिले पाण्यात दिसले असन, आन् वरून बदाम. हे पाह्य, पांढरे. पाण्यात दिसनारच नाही. तेल तेवढं काढून दे."

मी दोन वेळा रिठे आणि शिकेकाई लावून तिचं डोकं धुतलं. तिसऱ्या वेळी नुसत्या पाण्यानं, इतकं की काकू कुडकुडायला लागली. माघाचा गारठा होता. केस उन्हात वाळले, तसं तिनं स्वतःच्या हातानं पाच केस मुळापासून उपटले. एकेकाला डोळे मिटत होती.

काकांनी ते घेतले. पीळ द्यायच्या आधी हात मातीनं घासून धुतले आणि सात वेढे घातले.

दुपारी डोहावर तीसेक माणसं जमली. पंजाबराव पायरीवर बसलेले, मांडीवर फुटाण्याची पिशवी. फुटाणे टाकायचं काम त्यांनी माझ्या हातून घेतलं. "तुमच्या बायांचं टाकणं म्हंजे एका जागी ढीग," म्हणाले. पण ते टाकत होते चांगले, दूरवर, मुठीमुठीनं, आणि सोनेरी पाठी तिकडं उसळत होत्या.

बराच वेळ काहीच नाही. मग उंबराच्या मुळीखालून ती निघाली. मी काकूचा हात इतका घट्ट धरला की तिची काचेची बांगडी माझ्या तळव्यात रुतली. मासोळी आता जवळजवळ आडवीच पोहत होती. दाण्यापाशी आली. थांबली. मिशा दाण्याला लागल्या. मी मनात म्हणत होते, माये घे, माये घे, माये घे.

घेतला! दाणा ओठांत गेला. केस दिसतच नव्हता. तिनं चघळला. काका जागचे हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. आणि तिनं थुंकायला तोंड उघडलं...

काठी वाकली.

"लागली! लागली वो!" कोण ओरडलं ते कळलं नाही, बहुतेक मीच. मासोळी मुळीकडं धावली. इतकी अशक्त, पण जीव वाचवायला किती जोर! काका काठी आडवी करून तिला मुळीपासून फिरवत होते, तंगूस ना ढिला ना ताठ, तोंडानं बारीक आवाजात बोलत होते, "ये माय, ये, ये, घाबरू नको, ये माय." उलटा काटा नव्हता, तंगूस एकदा ढिला पडला असता तर संपलं होतं. ती एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा ती उथळात वळली, तसं सोजरकाकूनं जुनं नऊवारी लुगडं ओलं करून पाण्याखाली पसरलं. एक टोक तिच्या हातात. दुसरं धरायला कुणी पुढं होईना. आसराची मासोळी, हात कोण लावणार?

मी उतरणार तोच बाजूनं पाणी उडालं. पंजाबराव धोतरासकट कमरेइतक्या पाण्यात होते. "धरलं, धरलं," ते म्हणाले. "आन तिले इकडं, जगदेवा, लवकर आन!"

लुगड्याच्या झोळीत ती आली. पाण्यातच, अंग बुडालेलं. आता जवळून दिसलं. बांगडी अर्धी मांसात बुडाली होती, वरून शेवाळ, कडेला कच्चं लाल. मीही पाण्यात उतरले, हात धुऊन तिचं शेपूट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा माशाला हात लावला. गार, गुळगुळीत, आणि आतून धडधड येत होती, मुठीत चिमणी धरल्यासारखी.

काकांनी पक्कड घेतली. पातळ टोक बांगडीखाली सरकवायला जागा नव्हती. त्यांनी करंगळीच्या नखानं जागा केली, टोक आत घातलं, दाबलं. बांगडी कट् झाली नाही. नुसती वाकली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाकली.

"काच असती तं कधीची फुटली असती," पंजाबराव अगदी हळू म्हणाले.

तिसऱ्या दाबाला तुकडा तुटला. काकांनी दोन्ही टोकं ताणून बांगडी अलगद उकलून काढली. त्याच वेळी मासोळीनं उसळी मारली, गळ तिच्या ओठातून आपसूक सुटला आणि सरळ काकांच्या अंगठ्यात घुसला. त्यांनी "हं" एवढंच केलं आणि गळ उपटून टाकला. मी कमरेची पुडी सोडून मासोळीच्या जखमेवर हळद भरली. मग काकांनी तिला दोन्ही हातांत धरून धारेच्या बाजूला तोंड केलं. ती पडूनच. कल्ले हलेनात.

"चाल माय," काका म्हणाले. "चाल. माह्यासाठी नको, तुह्यासाठी चाल."

एकदा कल्ला उघडला. मग मिटला. पुन्हा उघडला, आणि आता तो पूर्ण उघडत होता, दोन वर्षांत पहिल्यांदा असेल. चौथ्या-पाचव्या श्वासाला शेपटानं असा फटका दिला की पाणी चौघांच्याही तोंडावर आलं. ती सरळ, अगदी सरळ, खोल पाण्यात गेली. अंगावर काहीही नसलेली.

पायऱ्यांवर एकच गलका झाला. बाया हात जोडत होत्या, कुणी नारळ फोडला, कुणी नुसतंच हसत होतं. पंजाबरावांनी हात पुढं केला. काकांनी बांगडी दिली. पंजाबरावांनी ती दोन बोटांत वाकवून पाहिली, पुन्हा वाकवली. मग म्हणाले, "सुचितालेही सांगा लागन," आणि ओल्या धोतरानं पायऱ्या चढून गेले. चूक मानायची झाली तर त्यापेक्षा जास्त ते आजपर्यंत कधी कुणाला बोलले नाहीत, त्यामुळं आम्हाला ते पुरलं.

जगदेवकाका सात दगडांपुढं जाऊन उभे राहिले. अंगठ्यातून रक्त टपकत होतं. मग म्हणाले, "माय, गळ टाकला. बोललो होतो टाकणार नाही, टाकला. काय समजाचं ते समज."

"माफी मांगता का शाबासकी?" मागून सोजरकाकू म्हणाली. तिचे पांढरे केस अजून मोकळेच होते, उन्हात नुसते चमकत होते.

"तुले काय वाटते?"

"मले काय इचारता? जिले बोलले तिले इचारा."

काका हसले. इतके हसले की त्यांना खडकावर बसावं लागलं. आम्हीही हसत सुटलो, भिजलेले, हळदीनं पिवळे झालेले. काठी त्यांनी तिथंच आसरांपुढं आडवी ठेवली, घरी नेली नाही. उद्या शुक्रवार. बाया ओटी घेऊन येतील. सासऱ्यांकडून ऐकून डोहावर आलेली सुचिता म्हणाली, आता फक्त फुलं आणि हळदकुंकू सोडायचं, बांगड्या देवळातल्या खुंटीला अडकवायच्या. कुणी वाद घातला नाही.

संध्याकाळ व्हायला आली तसा काकांचा अंगठा सुजून टुम्म झाला. नदीतलं गंजकं लोखंड, त्यात माशाच्या तोंडातलं. काकू घरी हळदीचा लेप लावायला निघाली, तर मी ओरडले. म्हणून माझ्या मालकांनी, गोपाळरावांनी, मोटारसायकल काढली आहे, आणि जगदेवकाका आता मागं बसून शेलूबाजारच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला चालले आहेत.